चिखलांतील कर्णधार

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं २४ ऑगस्ट १९६३ रोजीं एका अंतिम सामन्याच्या अखेरीस एक छायाचित्र घेण्यांत आलें. सहा फुटांहून बराच उंच असा एक पुरुष व त्याच्या खांद्यापर्यंत जेमतेम पोहोंचणारा दुसरा, असे दोघे नखशिखांत चिखलानें माखून एकमेकांजवळ उभे आहेत. जेता कोण व जित कोण हें त्यांच्या वेषावरून मुळींच ओळखतां येत नाहीं. उंच पुरुष नॉर्म प्रोव्हन. ठेंगणा आर्थर समन्स. जॉन ओग्रेडी या वृत्तपत्रीय छायाचित्रकारानें टिपलेलें हें चित्र पुढें रग्बी लीग या खेळाचें बोधचिन्हच होऊन बसलें.

हा खेळ जन्मला तो एका भांडणांतून. रोजगार बुडवून खेळणाऱ्या कामगारांस भरपाई मिळावी कीं नाहीं, या प्रश्नावरून १८९५ सालीं उत्तर इंग्लंडमधील क्लबांनीं जुन्या रग्बी संस्थेशीं फारकत घेतली. १९०८ सालीं तो खेळ सिडनींत सुरू झाला. दोहों बाजूंस तेरा तेरा गडी आणि ऐंशी मिनिटांचा सामना. चेंडू हातानें पुढें फेंकावयाचा नाहीं, मागेंच द्यावयाचा. आणि चेंडू घेऊन धांवणाऱ्यास प्रतिपक्षानें धरून भुईवर पाडावयाचें. अंगाला मार लागल्यावांचून हा खेळ खेळतांच येत नाहीं.

अशा या खेळांत पूर्वीं 'कर्णधार-शिक्षक' असें एक पद असे. आठवडाभर गड्यांकडून तालीम करवून घेणारा शिक्षक आणि सामन्याच्या दिवशीं त्यांच्या अग्रभागीं खेळणारा कर्णधार, हे दोघेहि एकच. मैदानाच्या कडेस कोरड्या कपड्यांनीं उभें राहून 'चला, पुढें व्हा' असें म्हणणें सोपें असतें. परंतु जो तें म्हणतां म्हणतां स्वतः पुढें होतो, त्याच्या शब्दास निराळेंच वजन येतें.

प्रोव्हन १९५१ सालीं सेंट जॉर्ज या क्लबाच्या पहिल्या संघांत दाखल झाला. इंग्लंडांत लीड्स संघाकडून खेळून आलेल्या केन कर्नीच्या हाताखालीं या संघास कडक शिस्त लागली. १९५६ पासून १९६६ पर्यंत सेंट जॉर्जनें ओळीनें अकरा वेळां अजिंक्यपद मिळविलें. त्यांतील पहिल्या दहा विजयांत प्रोव्हन खेळला. १९६२ सालीं कर्णधार आणि शिक्षक हीं दोन्ही पदें त्याच्याकडे आलीं. हा वारसा जितका मानाचा तितकाच जड होता. जिंकलें तर तें श्रेय पूर्वजांचें, हरलें तर दोष एकट्याचा. त्यानें चार वर्षें ही धुरा वाहिली, आणि चारहि वेळां संघ अजिंक्य ठरला.

त्या चित्रांतील सामना याच काळांतला. पावसानें सिडनी क्रिकेट ग्राउंडचा मध्यभाग काळ्या चिखलाचें डबकें झाला होता. सेंट जॉर्जनें समन्सच्या वेस्टर्न सबर्ब्स संघास ८-३ असें हरविलें. त्या संघाची ही सेंट जॉर्जकडून अंतिम सामन्यांतील ओळीनें तिसरी हार. निर्णायक गुण वादग्रस्त ठरला होता. लोकांस चित्रांत स्नेहालिंगन दिसलें; परंतु समन्सनेंच पुढें सांगितलें कीं त्या क्षणीं आपण पंचाच्या निर्णयाबद्दल कुरकुरत होतों. दोघांचा स्नेह जुळला तो पुढें. तेव्हां त्या चित्रांत मैत्री शोधण्यापेक्षां पाहावयाचा तो चिखल. दोघेहि नायक आपल्या गड्यांइतकेच बरबटलेले होते.

समन्सची कसोटी लागलीच लागली. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कर्णधार-शिक्षक म्हणून तो इंग्लंडास गेला. परंतु दुखापतीनें त्यास पहिल्या कसोट्यांपासून दूर ठेविलें. इयान वॉल्शच्या नायकत्वाखालीं संघ उतरला. वेंबलीस २८-२ व स्विंटनला ५०-१२ असे विजय मिळवून त्यानें ॲशेस जिंकली. ज्याचा अधिकार पुढें होऊन लढण्यावर उभा, त्यानें कडेस बसून दुसऱ्यास लढूं द्यावें, आणि तरीहि शिकविणें सोडूं नये, ही परीक्षा लहान नव्हे.

प्रोव्हननें १९६५ सालीं खेळणें सोडलें. त्याचा शेवटचा सामना साउथ सिडनीशीं झाला. ७८,०५६ प्रेक्षक लोटले होते. सेंट जॉर्जनें तो १२-८ असा जिंकला. पुढें तो केवळ शिक्षक म्हणून सेंट जॉर्ज, पॅरामॅटा व क्रोनुला या संघांकडे राहिला. १९७८ सालीं क्रोनुला अंतिम सामन्यांत मॅन्लीशीं ११-११ असा बरोबरींत राहिला. तीन दिवसांनीं पुन्हां खेळवितांच ०-१६ असा हरला. कडेस उभ्या असलेल्या प्रोव्हनला अजिंक्यपद पुन्हां लाभलें नाहीं. त्याचें ज्ञान कमी झालें नव्हतें, उलट वाढलेंच असेल. पण घसरत्या चिखलांत कोणाच्या खांद्यास खांदा द्यावा हें आतां त्याला शब्दांनींच सांगावें लागत होतें.

१९८२ सालीं त्या चित्रावरून विजेत्यांचा चषक घडविण्यांत आला. २०१३ सालीं त्यास प्रोव्हन आणि समन्स या दोघांचें नांव देण्यांत आलें. समन्स २०२० सालीं व प्रोव्हन २०२१ सालीं निवर्तले. मोठ्या व्यावसायिक संघांतून कर्णधार-शिक्षकाचें पदहि आतां नाहींसें झालें आहे. शिक्षण हें एक स्वतंत्र शास्त्र झालें, आणि तें व्हावें हेंहि योग्यच. तथापि दरवर्षीं जो संघ तो चषक उंचावतो, त्याच्या हातीं विजयी वीराची स्वच्छ मूर्ति येत नाहीं. येतात ते चिखलानें माखलेले दोन पुरुष, त्यांतील एक हरलेला. दुसऱ्यास 'पुढें हो' असें सांगणाऱ्यानें आपले पाय कोठें आहेत हें आधीं पाहावें, एवढेंच ते सांगतात.