सातासमुद्रापार निघालेलं रोप

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)

मी निपाणीचा. शिक्षण डिप्लोमापर्यंत, नोकरी बागायत खात्यात. आपल्याकडे ‘तोटगारिके’ म्हटलं की चटकन कळतं! भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. गेल्या वर्षी गणपतीआधी म्हणाली, "दादा, पत्रीसाठी शमीचं एक रोप दे की. बॅगेत घालून नेते." मी नाही म्हटलं. ती रुसली. एवढ्या खात्यात असून एक रोप देता येत नाही, असं तिचं म्हणणं.

पूर्वी जिवंत रोप जहाजाने पाठवणं म्हणजे दैवावर हवाला. डेकवर खारं पाणी उडायचं, गोडं पाणी माणसांनाच पुरत नसे. बहुतेक रोपं वाटेतच मरत. 1829 साली लंडनच्या डॉ. वॉर्डनी बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. त्यातल्या ओल्या मातीत नेचा उगवला. पाण्याची वाफ काचेला लागून परत खाली येते, वरून पाणी घालायची गरजच नाही! त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. 1833 मध्ये अशा दोन पेट्या ऑस्ट्रेलियालाच, सिडनीला, गेल्या आणि तिकडची झाडं घेऊन परत आल्या. पुढे चीनचा चहा आपल्या हिमालयात पोचला तो याच पेट्यांतून.

आता आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी बघा. 1865 मध्ये डाल्झेल साहेबाने जुन्नर भागातून तिची नोंद केली आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या नावावरून ‘फ्रेरिया’ नाव ठेवलं. कड्यांच्या कपारीत राहणारी, किरमिजी फुलांवर पिवळे ठिपके. मांसल खोडाचा तुकडा सावलीत ठेवून जखम सुकवायची, कागदात गुंडाळायचा. माती लागत नाही, पोचल्यावर मूळ धरतो. आज परदेशी काचघरांत ती सुखाने फुलते. इथे मात्र मोजक्याच डोंगरांवर उरली आहे. तिकडे जगली याचं मला वाईट वाटत नाही. इथल्या कपारी मोकळ्या होतात, ते खुपतं.

आता कायदा कडक आहे. परदेशी संस्थेला आपली वनस्पती संशोधनासाठी हवी असेल, तर 2002 च्या जैवविविधता कायद्याने चेन्नईच्या प्राधिकरणाची परवानगी लागते. खानापूरच्या जंगलातली सीतेची वेणी असो वा दुसरी कुठली आमरी, सगळ्या साइटिस करारात येतात. शिवाय रोग-कीड नसल्याचा दाखला हवा, मुळं धुऊन माती काढायची. लोकांना हा जाच वाटतो. पण बाहेरून आलेलं गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं, आणि आज आपल्या बांधांवर काय स्थिती आहे ते शेतकऱ्यांना विचारा.

आणि शमीचं म्हणाल, तर तिची विलायती भावंडं ऑस्ट्रेलियात उपद्रवी तण ठरली आहेत. विमानतळावर रोप तर गेलंच असतं, वर बहिणीला दंड!

यंदा तिचा फोन आला. दुर्वा तिकडच्या हिरवळीतच मिळाल्या, म्हणाली. फोटोही पाठवला. जुडी जरा विस्कटलेली होती, पण एकवीस मोजून घातल्या होत्या.