पसरणें आणि व्यापणें

कोरियन विद्यार्थी कोशांत ‘पर्व्हेड’ हें इंग्रजी क्रियापद पाहूं लागला म्हणजे त्याला ओळखीचे प्रतिशब्द भेटतात. ‘फॉजिदा’ म्हणजे पसरणें, ‘सुम्यॉदुल्दा’ म्हणजे झिरपत आंत शिरणें. अर्थ समजला असें वाटून तो कोश मिटतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

लॅटिनमध्यें ‘पेर्’ म्हणजे आरपार आणि ‘वादेरे’ म्हणजे जाणें. परंतु ही व्युत्पत्ति येथें फारशी कामास येत नाहीं, कारण जाण्याची कल्पना आजच्या अर्थांत जवळजवळ विरून गेली आहे. अफवा बाजारांतून स्टेशनापर्यंत गेली, तर तेथें ‘स्प्रेड’ हवें. बाजारांतील एकहि कोपरा भीतीवांचून उरला नाहीं, तर ‘पर्व्हेड’ शोभेल. ‘फिअर पर्व्हेड्स द सिटी’ या वाक्याचा अर्थ ‘भीति पसरत चालली आहे’ असा घेणाऱ्यास शहराचा कांहीं भाग अजून निर्भय असल्याचा भास होईल. लिहिणाऱ्यानें तर सबंध शहर ग्रासलेलें दाखविलें आहे! कोरियांत विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेंत इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत सोडवावे लागतात. तेवढ्या घाईंत असा एक गैरसमज उताऱ्याचा सारा रोख फिरवूं शकतो.

यावर उपाय कोरियन भाषेच्या पोटांतच आहे. ‘फॉजिदा’ऐवजीं ‘फॉज्यॉ इत्ता’, म्हणजे ‘पसरून राहिलें आहे’, असा प्रतिशब्द शिक्षकानें द्यावा. क्रिया जाऊन स्थिति आली कीं अर्धें काम झालें.

उरलें अर्धें विभक्तीचें. कोरियनमध्यें वास पसरतो तो खोलीला ‘ए’ हा प्रत्यय लावून, म्हणजे ‘खोलींत’. त्यामुळें विद्यार्थ्याच्या इंग्रजींतहि ‘इन्’ डोकावतें. इंग्रजीला तें खपत नाहीं. तेथें खोली हें सरळ कर्म आहे. मराठी माणसाला ही अडचण सहज उमजेल: सुगंध खोलींत दरवळतो, पण खोली व्यापतो. कोरियनमध्येंहि ‘छेउदा’, भरून टाकणें, हें क्रियापद कर्म घेतें. त्याच्या नमुन्यावर वाक्य बसवावें.

किम्चीच्या कोबींत मसाला मुरतो त्याला ‘बेदा’ म्हणतात. मराठी घरांत लोणचें मुरतें तसेंच तें. हा दाखला गोड खरा, परंतु अपुरा. मुरायला कांहीं पदार्थ लागतो. शांतता, संशय, उदासी यांना तो लागत नाहीं, आणि ‘पर्व्हेड’चा संसार मुख्यतः यांच्याशींच आहे.

कोरियन लिपींत हा शब्द ‘फॉबेइदु’ असा उतरतो, कारण ‘व्ह’चा उच्चार त्या भाषेंत नाहीं. त्याचें पहिलें अक्षर ‘फॉजिदा’शीं जुळतें तें निव्वळ योगायोगानें. पाठांतरासाठीं तें खुशाल वापरावें.