पाण्याचा जिना



प्रवासातील काही सांगावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. माझे चिरंजीव नोकरीनिमित्त पनामा शहरी असतात. गेल्या वर्षी त्यांजकडे गेलो असता तेथील कालव्यावरील मिराफ्लोरेस येथील लॉक पाहण्याचा योग आला. त्याविषयी चार शब्द बोलतो.

अटलांटिक व पॅसिफिक या महासागरांना जोडणारा, सुमारे ८० किलोमीटर लांबीचा हा कालवा १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झाला. मधली भूमी उंच असल्यामुळे चाग्रेस नदी अडवून तेथे गातून नावाचे सरोवर निर्माण करण्यात आले. ते समुद्रापेक्षा सुमारे २६ मीटर उंच आहे. जहाजाने एका बाजूस तितके चढावे आणि दुसऱ्या बाजूस उतरावे, अशी ही योजना. या जिन्याची एकेक पायरी म्हणजे लॉक, अर्थात दोन्ही टोकांस पोलादी दरवाजे असलेला, सुमारे ३०५ मीटर लांब व ३३.५ मीटर रुंद असा हौद.

आम्ही सज्जात उभे असता एक मालवाहू जहाज खालच्या हौदात शिरले. त्याच्या पुढे एक लहानशी शिडाची नौका होती. काठावरील रुळांवरून चालणारी विजेची इंजिने जहाजास तारांनी मध्यभागी धरून होती. त्या इंजिनांस तेथे ‘खेचरे’ म्हणतात. मागील दरवाजे मिटले आणि वरच्या हौदातील पाणी तळच्या भुयारांतून आत येऊ लागले. पाहता पाहता ते प्रचंड धूड वर आले, आणि ती चिमुकली नौकाही तितकीच वर आली. दोहींकडचे पाणी एका पातळीस आले, तेव्हाच पुढील दरवाजे उघडले.

हौद भरण्यासाठी तेथे पंप नाही. उंचावरचे पाणी खाली येते आणि खालच्यास वर उचलते, एवढेच त्यातील तत्त्व. परंतु एका जहाजाच्या एका खेपेस सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी खर्ची पडून समुद्रास मिळते. त्याच सरोवराचे पाणी पनामा व कोलोन या शहरांतील लोक पितात. २०२३ साली पावसाने ओढ दिली. एरवी रोज सुमारे ३६ जहाजे पार होत. त्या डिसेंबरात ती संख्या २२ वर आणावी लागली. दरवाजे, यंत्रे, माणसे सर्व जागच्या जागी होती. उणे होते ते केवळ पाणी. २०१६ साली खुल्या झालेल्या नव्या लॉकांच्या बाजूस मात्र साठवणीचे हौद आहेत. त्यांमुळे प्रत्येक खेपेचे सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा उपयोगात येते.

बंधुभगिनींनो, आपला विद्यार्थी साहाय्य निधी हे असेच एक सरोवर आहे. यंदा अर्ज वाढले आणि शिल्लक घटली, हे आपण आताच अहवालात ऐकिले. या सभागृहातील कित्येकांचे शिक्षण याच निधीवर झाले आहे. वर चढलेले जहाज आपल्या मार्गाने निघून जाते. सरोवर पुन्हा भरणे त्याच्या हाती नसते. मनुष्याच्या हाती ते आहे. ज्याने त्याने यथाशक्ति आपली ओंजळ त्यात रिती करावी, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.