अरण्यातील भाड्याचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'अमेरिकेतील अनुभव' असा विषय दिला आहे. परंतु तेथील उंच इमारती आणि मोठाली दुकाने यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी आज एका खोपटाविषयी बोलणार आहे. त्यात वीज नव्हती, नळ नव्हता आणि संडास अंगणापलीकडे होता. तरीही सहा महिन्यांच्या मुक्कामात माझा जीव रमला तो तेथेच.

2019 साली, यजमान गेल्यानंतर, लेकीने मला मोंटाना राज्यात मिझूला गावी नेले. आईने आता इकडचे घर विकून कायमचे आपल्याकडे राहावे, असे तिच्या मनात होते. लेक आणि जावई दोघेही प्रेमळ. पण ती कामावर गेली की मी खुर्चीत. शेगडी विजेची, कपडे यंत्रात, बाजाराला मोटारीवाचून जाणे नाही. काही करायला उठले की लेक म्हणे, "आई, तू बस." या दोन शब्दांनी माणूस किती थकते, हे तुमच्यापैकी काहीजणींना सांगायला नको.

सप्टेंबरात एका शनिवारी ती म्हणाली, "चल, आपण दोघी केबिनमध्ये राहायला जाऊ." केबिन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कचेरीतल्या साहेबांची खोली उभी राहिली! निघाली ती लोलो राष्ट्रीय अरण्यातील लाकडी ओंडक्यांची एक खोली.

त्या देशात राष्ट्रीय उद्याने वेगळी आणि राष्ट्रीय अरण्ये वेगळी. अरण्यांचा कारभार शेतकी खात्याच्या वनसेवेकडे असतो. ही वनसेवा 1905 साली स्थापन झाली आणि आज तिच्याकडे अशी 154 अरण्ये आहेत. पूर्वी वनरक्षक घोड्यावरून हिंडत, त्यांच्या मुक्कामासाठी ही खोपटी बांधली गेली. 1910 च्या ऑगस्टात त्या बाजूला भयंकर वणवा लागून दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर रान जळाले. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर टेहळणीची घरेही वाढली. 1933 ते 1942 या काळात, मंदीने बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनी अशी कितीतरी घरे बांधली. त्या मुलांना महिना 30 डॉलर मिळत आणि त्यांतले 25 परभारे घरी जात. किती आयांच्या चुली त्यावर पेटल्या असतील! पुढे रस्ते झाले, विमाने आली, खोपटी ओस पडली. तेव्हा त्यांतली पुष्कळशी सरकारने लोकांना रात्रीच्या भाड्याने द्यायला काढली. आता संगणकावरून आगाऊ जागा राखून ठेवावी लागते. आम्ही एका रात्रीचे साठ डॉलर भरले आणि कुलपाचे आकडे मिळाले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या मुलुखात पूर्वी सॅलिश लोक राहत. जवळच्या बिटररूट खोऱ्यातून त्यांतल्या उरलेल्यांना 1891 साली हलवण्यात आले. आज सर्वांचे म्हणवणारे रान कोणाचे तरी घर होते, हे विसरू नये.

खोपटात चार लाकडी खाटा, एक मेज, एक लोखंडी चूल आणि बाहेर सरपणाची रास. अंथरूण, पांघरूण, कंदील, पिण्याचे पाणी सारे आपले आपण न्यायचे. अस्वलांच्या भयाने अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही. कचरा बरोबर परत आणायचा, आणि निघताना घर झाडून पुढच्याकरिता सरपण आत रचून ठेवायचे. पहारेकरी कोणी नाही. सारा कारभार विश्वासावर.

लेकीने चूल पेटवायला घेतली आणि घरभर धूर झाला. मोठमोठी लाकडे तिने एकदम कोंबली होती, धुराड्याची झडपही मिटलेली होती. मी म्हटले, "आता तू बस." झडप उघडली, बारीक ढलप्या काढल्या, मध्ये वाट ठेवून रचल्या. कोकणात लहानपणी आईपुढे बसून शिकलेली विद्या! पाच मिनिटांत जाळ धरला. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

रात्री खिचडी खाऊन आम्ही चुलीपुढे बसलो. तेव्हा तिने मला हॅली डॅगेट या बाईंची हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियातील क्लामाथ अरण्यात 1913 साली वनसेवेने त्यांना वणव्याची टेहळणी करायला नेमले. या कामावरच्या त्या पहिल्या स्त्री. हंगामभर डोंगरमाथ्यावर एकट्या राहायच्या, धूर दिसला की टेलिफोनने कळवायच्या. बहीण खालून घोड्यावर शिधा आणून देई. सुमारे पंधरा वर्षे त्यांनी हे काम केले.

मी विचारले, "त्यांच्या बहिणीने त्यांना कधी म्हटले नाही का, की तू खाली ये आणि बस?"

लेक काही बोलली नाही. पहाटे थंडीने मला जाग आली. विस्तव विझत आला होता. मी उठून निखारे उकरले, लाकूड घातले. तीही जागीच होती. अंधारातच म्हणाली, "आई, तिकडे एकटीला रात्री काही झाले तर?"

मी म्हटले, "होईलही कदाचित. पण तोवर माझ्या हाताने चूल पेटेल."

ती रडली, मीही रडले. मग उजाडेपर्यंत हिशेब केला: रोज सकाळी फोन करायचा, शेजारी एक किल्ली ठेवायची, वर्षातून एकदा तिने यायचे. घर विकायचे नाही.

निघताना तेथल्या वहीत मी मराठीत लिहिले, "आम्ही मायलेकी येथे एक रात्र राहिलो. चूल मी पेटवली." लेकीने झाडलोट केली, मी सरपण रचले.

ती शेजारची किल्ली आज येथे समोर बसलेल्या एका भगिनीच्या कनवटीला आहे. तिचे नाव सांगत नाही, नाही तर ती रागावेल.

भगिनींनो, आपल्या घरी म्हातारी आई असेल, सासू असेल, तर तिला प्रेमाने अवश्य जपा. पण "तू बस" असे म्हणण्याआधी एकदा तिला विचारा, "काय करावेसे वाटते?" एवढेच मागणे करून मी आपली रजा घेते.