अस्वलाच्या वाटेवर कोणती रायफल ?

अस्वल म्हटलें कीं मराठी घरांतील वडील मंडळींना दरवेशाच्या डमरूवर नाचणारें, वेसण टोंचलेलें केविलवाणें जनावर आठवतें. तो खेळ आतां रस्त्यांवरून नाहींसा झाला आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकास असलेल्या अलास्कांतील तपकिरी अस्वल मात्र कोणाच्याहि दोरीस बांधलें जाणारें नव्हे. नद्यांतील सॅमन मासे खाऊन पुष्ट झालेला तेथील मोठा नर ६०० किलोग्रॅमपर्यंत भरतो, आणि एवढा देह घेऊनहि तासाला सुमारें ५० किलोमीटरांच्या वेगानें धांवतो. ५० मीटरांवरील झुडुपांतून तो निघाला, तर माणसापर्यंत पोंचावयास त्याला चार सेकंदसुद्धां लागत नाहींत. तेवढ्यांत बंदूक खांद्यास लावणें, नेम धरणें व चाप ओढणें हें सारें उरकावयाचें असतें. म्हणूनच त्या रानांत काम करणाऱ्या मनुष्यापुढें प्रश्न उभा राहतो, कीं स्वसंरक्षणार्थ रायफल कोणत्या मापाची घ्यावी ?

रायफलीचें माप म्हणजे तिच्या नळीचा व्यास. इंग्रजी पद्धतींत तो इंचाच्या दशांशांत सांगतात. अमेरिकन सैन्यानें १९०६ सालीं स्वीकारलेलें 'तीस-शून्य-सहा' हें काडतूस प्रसिद्धच आहे. त्यांतील तीस हें माप व सहा हें साल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्यानें १९१२ सालीं काढलेलें ०.३७५ इंची काडतूस याहून बरेंच बलवान् आहे. पहिल्यांतील जड गोळी सुमारें १४ ग्रॅमची, तर दुसऱ्यांतील साडेएकोणीस ग्रॅमांची असते.

यावरून 'माप जितकें मोठें तितकें बरें' असें वाटणें साहजिक आहे. पण प्रश्न इतका सोपा नाहीं. अंगावर येणाऱ्या अस्वलाचें मर्मस्थान जाड कातडें, चरबी, स्नायु व खांद्याचीं दणकट हाडें यांच्या आड असतें. हलकी व अतिवेगवान् गोळी हाडावर आपटून फुटते आणि जखम वरवरचीच राहते. लांब, जड व मजबूत गोळी मात्र आपलें वजन न गमावतां खोल शिरते. आग्नेय अलास्कांतील आपल्या नोकरांच्या रक्षणासाठीं अमेरिकेच्या वनखात्यानें निरनिराळ्या काडतुसांची जवळच्या अंतरावरून परीक्षा केली व १९८३ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध केला. तींत मोठ्या मापाच्या रायफली वरच्या क्रमांकावर आल्या, आणि पिस्तुलें पुष्कळच खालीं राहिलीं. तथापि जड गोळी घातल्यास जुनी तीस-शून्य-सहाहि कामास येते, हेंहि त्या परीक्षेंत दिसून आलें.

दुसरी बाजू खांद्याची. ०.३७५ इंची रायफलीचा धक्का तीस-शून्य-सहाच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्या धक्क्याच्या धास्तीनें ज्याचे डोळे चाप ओढण्यापूर्वींच मिटतात, त्याच्या हातीं मोठें शस्त्र असून नसल्यासारखें. नेम चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षां मर्मीं लागलेली मध्यम गोळी शतपटीनें श्रेष्ठ. म्हणून ज्या मापाची रायफल मनुष्य न कचरतां, झटपट व अचूक चालवूं शकतो, त्यांतील सर्वांत मोठें माप त्याला योग्य. आणि त्यांतहि गोळी जड व मजबूत असावी. उसनें बळ येथें कामास येत नाहीं. सराव मात्र येतो.

परंतु रायफल हातीं आली म्हणजे जीव वांचलाच, असेंहि नाहीं. अलास्कांतील १८८३ ते २००९ पर्यंतच्या २६९ प्रसंगांचा अभ्यास संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केला. बंदूक वापरणारे व जवळ असून न वापरणारे यांना झालेल्या इजांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाहीं. कित्येकांना ती उचलावयास अवसरच मिळाला नव्हता. याउलट मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्यानें दहांपैकीं सुमारें नऊ प्रसंगीं अस्वलें आवरलीं, असें २००८ सालच्या अभ्यासांत दिसून आलें. ढगासारखा पसरणाऱ्या फवाऱ्यास गोळीइतका अचूक नेम लागत नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

शिवाय एका गोळीनें निकाल एकाच जिवाचा लागतो असें नाहीं. पुष्कळदां चाल करून येणारी मादी केवळ पिलांच्या रक्षणासाठींच धांवलेली असते, आणि ती पडली कीं पिलें निराधार होतात. जीव वांचविण्यासाठीं अस्वल मारण्यास अलास्काचा कायदा मुभा देतो. पण त्यानंतर कातडें व कवटी सरकारजमा करावी लागते. खाण्याचे पदार्थ उघड्यावर टाकून अस्वलास बोलावून घेणाऱ्याला ती मुभा नाहीं.

म्हणून तेथील जाणता मनुष्य झाडींतून मोठ्यानें बोलत जातो, सोबत्यांची संगत सोडीत नाहीं, अन्न बंद डब्यांत ठेवतो आणि वाऱ्याची दिशा पाहतो. अस्वलास माणसाची चाहूल आधीं लागली, तर बहुधा तेंच वाट सोडतें. खांद्यावरची रायफल अखेरच्या चार सेकंदांसाठीं आहे. ते सेकंद येऊंच नयेत, यासाठीं सारा दिवस त्याच्या हातीं असतो.