धरलेली वाट चुकली, तर वळावें कीं नाहीं?

(तुळजापूर येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



आपण सारे आज येथें जमलों आहों, तें कोणाच्या सत्कारासाठीं नव्हे, कीं हारतुऱ्यांसाठीं नव्हे. दहावी पास झालेल्या आपल्या लेकरांच्या काळजीनें जमलों आहों. आम्ही खेड्यांतले साधे शाळामास्तर. अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें शिकलों आणि पुढें वीस-बावीस वर्षें कुणबी, कुंभार, सुतार, चांभार यांच्या पोरांपुढें खडू झिजवला. मोठी विद्वत्ता आमच्यापाशीं नाहीं. पाहिलें तें सांगतों, आणि चुकलों तेंही सांगतों.

प्रश्न असा आहे. अकरावीला धरलेले विषय पोराला झेपत नाहींत असें दिवाळीच्या सुमारास कळलें, तर त्यानें तसेंच रेटावें कीं वाट बदलावी? पांढरपेशा घरांत या प्रश्नाचा निकाल रात्रीच्या जेवणावर लागतो. बाप शिकलेला, काका शिकलेला, शेजारीं प्राध्यापक. आपल्या घरांतलें कोणी कॉलेजाची पायरी चढतें, तें पहिल्यानेंच. विचारावें कोणाला? 2025-26 या वर्षापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाला. आतां सेवा केंद्रावरचा पोरगा जो रकाना दाबील, ती आपल्या लेकराची शाखा!

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. पोराचे विषय घेतांना मात्र एकच पाहतों, टक्के किती पडले! टक्के जास्त तर विज्ञान, मधले तर वाणिज्य, आणि उरलेल्यांना कला. पोराला गोडी कशाची, हें कोणी विचारीत नाहीं. गोडी न पाहतां बांधलेली गांठ पुढें काचणार, यांत नवल तें काय?

आमच्या ओळखीच्या एका कुंभाराचा मुलगा. दहावीला गुण चांगले पडले. गांव म्हणालें, याला डॉक्टर करा. लातूरचें नांव तर घरोघरीं झालेलें आहे. बापानें होतें नव्हतें तें मोडलें, वर व्याजानें पैसे काढले, आणि खोली, खानावळ व शिकवणी यांची भरती करून पोराला लातूरला ठेवलें. दिवाळीला पोरगा घरीं आला, तो बोलेना, जेवीना. दिवसभर चाकापाशीं बसून राही. बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगं बिघडलं काय वो?"

आम्हीं म्हटलें, "आण्णा, आधीं त्याला विचारूं तर द्या." पोराला जवळ बसवून विचारलें, "बाळा, कोणत्या तासाला डोकें दुखतें?"

तो म्हणाला, "जीवशास्त्राच्या, गुरुजी. रात्री पाठ करतो आन् सकाळी इसरतो. भौतिकशास्त्रातली गणितं मात्र सुटत्यात."

"मग गणित कां सोडलेंस?"

"समदे म्हणले, डॉक्टर व्हायला गणित लागत नाही."

मंडळी, पोर बिघडलें नव्हतें, निवड बिघडली होती. पहिलें सत्र संपायच्या आंत प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. गणिताच्या वर्गांत जागा होती. जीवशास्त्र सुटलें, गणित आलें. बुडालेले चार महिने भरून काढतांना तो एका चाचणींत नापासही झाला. बापाला वाटलें, आगींतून निघून फुफाट्यांत पडलों. पण पोरानें दम धरला. आज तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिला आला नाहीं, पेपरांत फोटो छापून आला नाहीं. पण जेवतो आणि बोलतो. बापाला आणखी काय पाहिजे?

दुसरी गोष्ट सांगतांना मात्र आमची मान खालीं जाते. एका शेतकऱ्याची मुलगी. आमच्याच हाताखालीं शिकलेली. इतिहास-भूगोलाचा तिला भारी नाद. टक्के पडले म्हणून विज्ञानाला घातली. मार्गशीर्षांत एके दिवशीं येऊन म्हणाली, "गुरुजी, मला कला शाखेत जायचंय. बाबांना तुम्ही सांगा." आम्हीं उत्तर दिलें, "अगं, एवढ्यांत हार मानतेस? धीर धर." अकरावी ती काठावर पास झाली. बारावीला जातांना तरी वळतां आलें असतें. आम्हीं पुन्हां धीरच धरायला सांगितलें. बारावीला दोन विषय गेले. पुरवणी परीक्षा होती. पण घरचे म्हणाले, पोरीच्या जातीला शिकवून काय झालें तें दिसलें. पुरवणी परीक्षेच्या आधींच तिचें लग्न लागलें. अठरा वर्षें पुरीं झालीं होतीं, एवढेंच कायद्याचें समाधान. तिच्या बुद्धींत खोट नव्हती. खोट आमच्या सल्ल्यांत होती. वळणें म्हणजे हार, ही समजूत आमच्या डोक्यांत बसली होती, आणि तिचा दंड त्या लेकीनें भरला.

तेव्हांपासून आम्ही कोणालाही एकदम 'धीर धर' म्हणत नाहीं, कीं एकदम 'सोड' म्हणत नाहीं. आधीं दुखणें कोठें आहे तें पाहतों. दुखणीं तीन प्रकारचीं असतात.

पहिलें भाषेचें. मराठींतून दहावी केलेल्या पोराला अकरावीचें विज्ञान इंग्रजींतून शिकावें लागतें. दहावीला जें 'त्वरण' म्हणून कळलेलें असतें, तेंच अकरावींत 'ॲक्सलरेशन' होऊन पुढें येतें, आणि पोराला वाटतें आपल्याला कांहींच येत नाहीं. आपल्या मुलखाला ही अडचण नवी नाहीं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 1918 सालीं तेथें उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें. घरीं मराठी बोलणाऱ्या पोराला वरचें शिक्षण उर्दूंतून घ्यावें लागे. आपल्या आज्या-पणज्यांपैकीं कित्येक मागें राहिले, ते बुद्धि कमी म्हणून नव्हे, भाषा आड आली म्हणून. हें दुखणें असेल तर विषय बदलूं नका. मराठी आणि इंग्रजी शब्दांची जोडवही करा, रोज दहा शब्द लिहा. पुष्कळांचें डोकें दुसऱ्या सत्रांत मोकळें होतें.

दुसरें दुखणें शिकवण्याचें. तास होत नसतील, प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर दोष विषयाचाही नव्हे आणि पोराचाही नव्हे. तेथें पालकांनीं चार जणांनीं मिळून प्राचार्यांच्या दारीं जावें.

तिसरें दुखणें खरोखरीच विषयाचें. भाषा कळते, शिकवणारा चांगला आहे, पोर रात्रीं जागतें, तरीही तो विषय त्याच्या अंगीं लागत नाहीं, आणि दुसरा एखादा न सांगतां लागतो. तेव्हां वळावें, आणि लवकर वळावें.

आतां वळण्याचे नियम. अकरावीची परीक्षा कॉलेजाची असते. बारावीची मंडळाची, आणि आपल्या जिल्ह्याचें विभागीय मंडळ लातूरला आहे. म्हणून बदल करायचा तो अकरावींत, आणि तोही पहिल्या सत्रांत केलेला बरा. बारावीचा अर्ज मंडळाकडे गेल्यावर विषय हलवणें फार कठीण. बारावीला सहा विषय, सहाशें गुण, आणि पास व्हायला प्रत्येकांत 35. यांत इंग्रजी कोणालाच चुकत नाहीं. म्हणून इंग्रजीला भिऊन शाखा बदलणारा फसतो.

विज्ञानांतून अकरावी पास झालेल्याला बारावीला कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळतां येतें. उलट कलेंतून विज्ञानाकडे बारावीला वळतां येत नाहीं. त्यासाठीं पुन्हां अकरावीलाच बसावें लागतें. हा एका बाजूनें उघडणारा दरवाजा आहे. रागाच्या भरांत त्यांतून बाहेर पडूं नका.

कोणता विषय सोडल्यानें कोणतें दार बंद होतें, हेंही पाहा. वैद्यकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवें आणि 'नीट' परीक्षा हवी. अभियांत्रिकीकडे जायचें तर गणित सोडूं नये. शेतकीच्या पदवीला गणिताचा गट चालतो आणि जीवशास्त्राचाही चालतो. ही गोष्ट शेतकऱ्यांच्याच पोरांना ठाऊक नसते! ज्याचें मन दोहोंकडे आहे, त्यानें आरंभींच गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावींत. ओझें वाढतें, पण दार एकही लागत नाहीं. ज्यानें जीवशास्त्र सोडलें त्याचेंही सर्वस्व बुडालें असें नाहीं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें 2023 सालीं ठरवलें कीं, बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास होणाऱ्यालाही 'नीट' देतां येईल. वकिली, शिक्षकी आणि लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षा यांना तर शाखेची अटच नाहीं.

कला शाखा म्हणजे वांया गेलेल्यांची शाखा, हें कोणी सांगितलें? याच तुळजापुरांत टाटा समाजविज्ञान संस्थेचें संकुल आहे. लांबलांबचीं मुलें समाज आणि खेडें शिकायला आपल्या गांवांत येतात, आणि आपलीं पोरें तो विषय हलका म्हणून टाकतात!

अर्ज करतांना तीन गोष्टी विचारून घ्या. हवा तो विषय त्या कॉलेजांत शिकवतात काय? त्या तुकडींत जागा आहे काय? बदलानें शिष्यवृत्तीला व फीच्या सवलतीला बाध येतो काय? उत्तर लेखी मागा. खिडकीपलीकडून कोणी 'होत नाहीं' म्हणालें कीं परत फिरणें ही आपली जुनी खोड आहे. आम्हीही तरुणपणीं असेच एका खिडकीवरून परत फिरलों होतों. लेखी विचारलें नाहीं, आणि आमचें एक वर्ष गेलें.

मंडळी, विषय कोणी निवडायचा, हा आपल्या लोकांचा जुना लढा आहे. 1882 सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुल्यांनीं निवेदन दिलें, तेव्हां शेतकऱ्यांच्या पोरांना हिशेब, शेतीचें ज्ञान आणि आरोग्य शिकवा असें मागितलें. कोणती विद्या उपयोगाची, हें ठरवण्यांत रयतेचाही आवाज असावा, असा त्याचा अर्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेंत संस्कृत शिकायचें होतें. अस्पृश्य म्हणून तें नाकारलें गेलें आणि फारसी घ्यावी लागली. ती घेऊन ते 1907 सालीं मॅट्रिक झाले, आणि संस्कृत पुढें आपल्या हिमतीनें शिकले. त्यांच्यावर विषय लादला तो परक्यांनीं. आज आपल्या पोरांवर विषय लादतों ते आपण, मायेनें लादतों, कर्ज काढून लादतों. लादलेलें ओझें मायेचें असलें म्हणून हलकें होत नाहीं.

कोणी म्हणेल, भरलेली फी बुडेल. बुडूं द्या. पेरलेलें उगवलें नाहीं तर आपण दुबार पेरणी करतों. पहिलें बियाणें फुकट गेलें म्हणून रान पडीक ठेवीत नाहीं. कोणी म्हणेल, लोक हंसतील. लोक चार दिवस हंसतात. पोर मात्र चाळीस वर्षें त्या धंद्यांत काढणार असतें.

निकालाच्या दिवसांत पुष्कळ आईबाप पोराच्या गुणांसाठीं भवानीच्या पायऱ्यांवर नवस बोलतात. भक्तीची आम्ही थट्टा करीत नाहीं. पण अर्जावरचा रकाना आई भरीत नाहीं. तो आपल्यालाच भरावा लागतो. तेव्हां आज घरीं गेल्यावर एवढेंच करा. भाकरी खातांना पोराला, आणि पोरीलाही, विचारा, "बाळा, कोणता तास तुला लवकर संपल्यासारखा वाटतो?" उत्तर येईपर्यंत गप्प बसा. त्या मुलीनें आम्हांला उत्तर न विचारतांच दिलें होतें. आम्हीं तें ऐकलें नाहीं. तुम्ही ऐका.