पदार्थाचं टोक आणि नजरेचं टोक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीट करून)



आपल्या अभ्यासवर्गातल्या सातवीच्या एका मुलीने समितीकडे चिठ्ठी दिली होती. "आकाश कुठे संपतं, आणि संपतं तिथे काय आहे?" समितीने ती चिठ्ठी आमच्या हातात ठेवली आणि सांगितलं, यंदा यावरच बोला. आता आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण रिंगखात्यात आणि वाचनालयात झालं. फळ्यावर गणित मांडून दाखवणं आमच्याच्याने होणार नाही. पण अशा प्रश्नाला घरातल्या मोठ्यांनी "गप बस, अभ्यास कर" म्हटलं, की ते पोर उत्तर शोधायला टीव्हीवरच्या बुवाकडे जातं. म्हणून बोलायला उभे आहोत.

आकाशाच्या टोकाला जायचं तर वाट पदार्थाच्या टोकावरून जाते. ती कशी, ते ऐका.

बर्फ, पाणी, वाफ या तीन अवस्था सगळ्यांनी शाळेत घोकल्या आहेत. चौथीही आहे. वायू इतका तापवला की अणूतले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे हिंडायला लागतात, तेव्हा त्याला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज म्हणजे प्लाझ्मा, वेल्डिंगची ठिणगी पडते तिथे प्लाझ्मा, जुनी ट्यूबलाइट पेटते तीही त्यानेच. सूर्य तर सगळाच प्लाझ्मा आहे. वरच्या अंगाला साडेपाच हजार अंश, गाभ्यात दीड कोटी अंश. किती तापल्यावर किती अणू असे फुटतात, याचं समीकरण १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी मांडलं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना इतरांच्या पंगतीला बसू दिलं नव्हतं, असं त्यांच्या चरित्रात येतं. ताऱ्याच्या उजेडातल्या रेषा बघून त्याचं तापमान सांगता येऊ लागलं, ते या माणसाच्या समीकरणामुळे.

ही झाली तापवण्याची गोष्ट. आता दाबण्याची.

तारा उभा असतो तो दोन जोरांच्या तोलावर. आतली उष्णता बाहेर ढकलते, स्वतःचं वजन आत दाबतं. इंधन संपलं की उष्णतेचा जोर ओसरतो आणि वजनाचं राज्य सुरू होतं. हिवाळ्यात रात्री सगळ्यात तेजस्वी दिसतो तो व्याध तारा. त्याला एक बारका जोडीदार आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आकार साधारण पृथ्वीएवढा, वजन साधारण सूर्याएवढं. त्यातला साखरेच्या खड्याएवढा तुकडा टनाच्या वर भरेल. याला श्वेत बटू म्हणतात.

मग तो आणखी का दबत नाही? इथे इलेक्ट्रॉनचा एक कायदा आहे, तो चाळीवरून सांगतो. समजा एका खोलीत दोनच माणसं राहायची, तिसऱ्याला सक्त मनाई. खालचे मजले भरले की नव्याने येणाऱ्याला वरच चढावं लागणार. इलेक्ट्रॉनच्या चाळीत वरचा मजला म्हणजे जास्त वेग. जितकं दाबाल तितके ते वेगाने धावतात आणि तितकं बाहेर ढकलतात. यात उष्णतेचा संबंध नाही. तारा थंडगार पडला तरी हा जोर राहतो.

पण या जोरालाही मर्यादा आहे, आणि ती सापडली एका बोटीवर. ३१ जुलै १९३० ला मुंबई बंदरातून एकोणीस वर्षांचा एक मुलगा शिकायला इंग्लंडला निघाला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्याचं नाव. वाटेत त्याने हिशेब मांडला. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ गेला की हा जोर अपुरा पडायला लागतो, आणि तारा सूर्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा जड असेल तर तो श्वेत बटू म्हणून टिकूच शकत नाही. ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. लगोलग उठले आर्थर एडिंग्टन. हे काही ऐरेगैरे नव्हते. १९१९ च्या ग्रहणात आइन्स्टाइनचं म्हणणं खरं ठरलं, ते तपासणारे हेच. त्यांनी भर सभेत त्या तरुणाची खिल्ली उडवली. सभा हसली. हिशेबात चूक कुठे ते मात्र कुणी दाखवलं नाही. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये, बोटीवरच्या त्या हिशेबानंतर त्रेपन्न वर्षांनी.

१.४ च्या पुढे काय होतं? इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात आणि उरतात बहुतेक न्यूट्रॉन. सूर्याहून जड ऐवज वीस-बावीस किलोमीटरच्या गोळ्यात, म्हणजे चर्चगेट ते अंधेरी एवढ्या अंतरात बसतो. त्यातला साखरेचा खडा दहा कोटी टनांच्याही वर भरेल. असे तारे असावेत हे १९३४ मध्येच कागदावर मांडलं गेलं होतं, पण दिसले कुणालाच नव्हते.

दिसले ते एका विद्यार्थिनीला, आणि इथे मुलींनी जरा कान द्यावा. जोसलिन बेल, केंब्रिजला संशोधन करणारी. साडेचार एकरांत खांब ठोकून, तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभी केली, त्यात ही स्वतः घण मारत होती. मग रोज शंभर फुटांच्या आसपास कागदाची पट्टी निघायची, त्यावर शाईची नागमोडी रेघ. सगळी पट्टी डोळ्यांखालून घालायचं काम हिचं. १९६७ मध्ये तिला त्या रेघेत एक बारीकशी वेगळी खरखर दिसली. पट्टीवर तिने जागा घेतली होती ती जेमतेम अर्धा-पाऊण इंच. शेकडो स्पिंडलमधून तुटलेली तार चालता चालता हेरणारी नजर आम्ही गिरणीत पाहिली आहे, ही त्याच वाणाची. तिने पिच्छा सोडला नाही, आणि कळलं की दर १.३३ सेकंदाला ठोका पडतो आहे, घड्याळासारखा. फिरणारा न्यूट्रॉन तारा होता तो. त्याला आता पल्सार म्हणतात. या शोधाचं १९७४ चं नोबेल मिळालं तिच्या मार्गदर्शकाला, सोबत आणखी एका ज्येष्ठांना. तिचं नाव नव्हतं. पुढे २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं दुसरं बक्षीस मिळालं. ते सगळं तिने ज्यांना या क्षेत्रात सहसा जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं. नोबेल देणाऱ्यांनी त्या वेळी अन्याय केला असं आमचं स्पष्ट मत आहे. ती स्वतः मात्र हे फार शांतपणे घेते.

रिंगफ्रेमचं स्पिंडल मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेतं. बोट लावलं तर कातडं सोलून निघेल. २००६ मध्ये जाहीर झालेला एक पल्सार सेकंदाला ७१६ वेळा फिरतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४३ हजार फेरे, आणि फिरतोय काय, तर सूर्याहून जड गोळा! त्याला फुटू न देणारी पकड फक्त स्वतःच्या वजनाची.

असे ठोके ऐकायची मोठी जागा आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी तीस अँटेना उभ्या करवल्या, एकेक ४५ मीटर रुंदीची. जाड पत्रा वापरला असता तर खर्च परवडला नसता आणि वाऱ्याने हाल केले असते. म्हणून स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणली. रेडिओ लहरी लांब, त्यांना ती भोकं कळतही नाहीत. सूत ताणण्यात ज्याचा जन्म गेला त्याला ही युक्ती वाचून फार समाधान होतं.

न्यूट्रॉन ताराही सूर्याच्या दोन-तीन पटीपुढे तग धरत नाही. मग अडवणारं काहीच माहीत नाही, उरतं ते कृष्णविवर. त्यातून प्रकाशही निघत नाही. २०१९ मध्ये एका कृष्णविवराभोवतालच्या उजेडाचं चित्र वर्तमानपत्रांत आलं होतं, ते साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. नजरेचं एक टोक तिथे झालं. चिठ्ठीत विचारलेलं टोक मात्र दुसरं.

उजेडाला यायला वेळ लागतो. सूर्याचा उजेड आठ मिनिटांपूर्वीचा, व्याधाचा साडेआठ वर्षांपूर्वीचा. देवयानी दीर्घिका अंधाऱ्या रात्री पुसट डागासारखी दिसते, तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. म्हणजे लांब बघणं म्हणजे जुनं बघणं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. मग बघत बघत अगदी सुरुवातीपर्यंत का जाता येत नाही?

कारण वाटेत प्लाझ्मा आडवा येतो. तोच, ट्यूबलाइटमधला! पहिली ३ लाख ८० हजार वर्षं सगळं विश्व तापलेला प्लाझ्मा होतं. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नाहीत, पावलापावलावर वळवतात. ब्लोरूममध्ये कापसाची उड भरली की समोरचा दिवा नुसता पांढरा ढग दिसतो, तसं. विश्व पसरत पसरत तीन हजार अंशांपर्यंत निवलं, इलेक्ट्रॉन अणूंत जाऊन बसले आणि हवा एकदम स्वच्छ झाली. तेव्हा सुटलेला उजेड आजही चहूबाजूंनी येतो, फक्त ताणून ताणून त्याच्या रेडिओ लहरी झाल्या आहेत. अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात एक खरखर ऐकू यायची. त्यांना वाटलं आत घरटं केलेल्या कबुतरांची घाण असेल, ती धुऊन काढली. खरखर गेली नाही. १९६५ मध्ये उलगडा झाला की हाच तो पहिला मोकळा उजेड.

तर बाळ, तुझ्या चिठ्ठीचं उत्तर असं की तिथे आकाश संपत नाही, आपलं दिसणं संपतं. तिथे भिंत नाही. आज तिथे कुणी असेल आणि त्याने आपल्या दिशेने पाहिलं, तर आपल्या जागी त्यालाही तेच धुकं दिसेल. ते ठिकाण आता साधारण ४६०० कोटी प्रकाशवर्षं दूर गेलं आहे. वय १३८० आणि अंतर ४६०० कसं? मुंगी इलास्टिकवर चालते आहे आणि आपण इलास्टिक ओढतो आहोत. मागची वाट ती चालली त्याहून लांब होते. १९९८ मध्ये तर असं निघालं की हे ताणणं वाढत्या वेगाने चाललंय, म्हणजे काही दीर्घिकांतून आज निघालेला उजेड आपल्या नातवंडा-पतवंडांनाच काय, कुणालाही कधी मिळणार नाही.

धुक्याच्या आतलं थोडं कळतं, ते प्रयोगाने. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरच्या वर्तुळात शिशाच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आदळवतात. क्षणभर काही लाख कोटी अंश तापमान होतं आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनसुद्धा वितळतात. विश्वाच्या पहिल्या क्षणी पदार्थ असाच होता. त्या कामात कोलकात्याचे शास्त्रज्ञही आहेत. दुसरी वाट गुरुत्वलहरींची, त्या प्लाझ्माला जुमानत नाहीत. दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा पकडली. अगदी सुरुवातीच्या लहरी अजून सापडलेल्या नाहीत. असंच लहर पकडणारं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली.

आणि नजरेच्या पलीकडे? विश्व तिथे संपतं की अनंत आहे? माहीत नाही. आम्हालाच नव्हे, कुणालाच. मज्झिम निकायात मालुंक्यपुत्ताने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता, लोक अंत असलेला की अंत नसलेला. भगवंतांनी उत्तर दिलं नाही, बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. यावर आपल्याच व्यासपीठांवर दोन प्रकार ऐकू येतात. कुणी म्हणतं, कृष्णविवर बुद्धाला तेव्हाच माहीत होतं. असल्या वाक्याला टाळ्या वाजवू नका. दुसरे हे सुत्त दाखवून पोरांची तोंडं बंद करतात. तेही आम्हाला मान्य नाही. दुःखाने तळमळणाऱ्या माणसाला आधी काय हवं ते त्यांनी सांगितलं, आणि न पाहिलेल्या गोष्टीची कहाणी रचली नाही. दुर्बीण लावायला त्यांनी कुठे मनाई केली आहे?

दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. अभ्यासवर्गाची मुलं घेऊन जायचं ठरलं आहे. नावं समितीकडे द्यावीत, मुलींची आधी. डबा आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात. त्यांच्या लहरींनी ताऱ्याचा ठोका बुडतो, तेव्हा मोठ्यांनीही त्या दिवशी कुरकुर करू नये.